टायरपुढे वाकू नका

नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा पहिला मान टायरचा. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला काळी बाहुली आणि मग थेट नवश्या गणपती, नाहीतर काळाराम. लिंबं फुटली, पेढे वाटले, फोटो स्टेटसला गेले. टायरशी तुमचा संबंध इथेच संपला पाहिजे. पुढची पाच-सहा वर्षं तिकडे बघायचंही नाही. टायर बघायचा म्हणजे खाली वाकावं लागतं, आणि खरा नाशिककर मिसळीच्या ताटाखेरीज कशापुढेही वाकत नाही.

काही किरकिरे लोक तुम्हाला सांगतील, की टनभर वजनाची गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या रबरावर. ब्रेक, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, स्टिअरिंग यांची सगळी मर्दुमकी शेवटी त्या रबरातूनच रस्त्यापर्यंत पोचते, वगैरे. ऐकून घ्या आणि सोडून द्या. तुम्ही पैसे सनरूफचे मोजलेत. तळहाताएवढ्या रबराची काळजी करणारा माणूस सनरूफ घेतच नाही.

हवेचं मात्र थोडं समजून घ्या. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. पुढच्या चाकांत किती हवा, मागच्यांत किती, गाडी माणसं-सामानानं भरली की किती वाढवायची, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तो वाचू नका. गाडी बनवणाऱ्याला आपल्या रस्त्यांतलं काय कळतंय? पंपावरचा पोऱ्या विचारतो, "साहेब, किती मारू?" तुम्ही काच चार बोटं खाली करून म्हणायचं, "मार ना पस्तीस, सगळीकडे." त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, मशीनचा काटा शेवटचा कधी तपासला ते पंपालाही माहीत नाही. तिघांचं एकमत झालं की निघायचं.

हवा टायर थंड असताना मोजायची असते, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर. आपण ती मे महिन्याच्या भर दुपारी, धुळ्याहून परत येताना मोजावी. टायर तापलेला, आतली हवा तापलेली, त्यामुळे काटा चढलेला. पोऱ्या काळजीनं म्हणतो, "जास्त झालीये, काढू का?" काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर थंड झाला की कमी हवेवर उभा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त दुमडतो, आणि या दुमडण्यातच तापत जातो. 'उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही' हे ज्ञान आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येतं. टायरच्या घराण्यात ते अजून पोचलेलं नाही, त्यामुळे तो फुटतो.

नायट्रोजन भरून घ्या. साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट असतोच, उरलेल्याचे पैसे मोजायचे. त्याचा खरा फायदा व्हॉल्व्हवर बसणाऱ्या हिरव्या टोप्यांचा. टोपी हिरवी दिसली, की महिन्यातून एकदा हवा बघायची असते हे मनावरचं ओझं कायमचं उतरतं. आणि डॅशबोर्डवर टायरच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच, तर त्यावर देवाचा एखादा छोटा स्टिकर बरोबर बसतो. दिवा झाकला जातो आणि देवही सारखा समोर राहतो.

(याच पंपांवर २०२१ साली 'नो हेल्मेट, नो पेट्रोल'ची मोहीम झाली होती. मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाकडून हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरणारे, आणि भरल्यावर ते प्रामाणिकपणे परत करणारे लोक आहोत आपण. एवढी परस्पर मदतीची भावना असलेल्या शहराला सुरक्षेचे धडे कोण देणार?)

आता टायरच्या झिजण्याबद्दल. नियम म्हणतो, मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ते मोजायला पट्टीसुद्धा लागत नाही, कारण खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे कंपनीनंच ठेवलेले असतात. बाकीचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. पण हेही वाकल्याशिवाय दिसत नाही. पंक्चरवाल्याला दिसतं, कारण तो दिवसभर वाकलेलाच असतो. "साहेब, पार गोटा झालाय, बदलून टाका," असं तो म्हणेल. त्याला टायर विकायचा नसतो, त्याच्याकडे विकायला टायर नसतोच, तरी तुम्ही त्याच्याकडे संशयानं बघायचं. पंक्चरचे पैसे द्या आणि त्यातलेही वीस कमी करून घ्या.

गुळगुळीत टायरची खरी मजा जूनमध्ये येते. पहिल्या पावसात त्र्यंबक रस्त्यावर वर्षभराचं सांडलेलं तेल आणि धूळ मिळून एक सुंदर लेप तयार होतो. त्यात रविवार, त्यात पहिन्याचे धबधबे, त्यात मागे चार पोरं. टायरच्या खाचा असतात त्या चाकाखालचं पाणी बाजूला फेकायला. खाचाच नसल्या आणि वेग असला, की पाणी तिथेच राहतं आणि टायर त्याच्यावर चढतो. रस्त्याशी संबंध सुटल्यामुळे स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी शेजारच्याला सांगावं, "बघ, काय मऊ झालंय पॉवर स्टिअरिंग!" आणि ब्रेक दाबावा जोरात.

नियमाचा अडसर येत नाही असेही काही टायर असतात. "गाडी वीसच हजार फिरलीये, टायर नवेच आहेत" असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, ते. इंदिरानगरला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये सात उन्हाळे खाल्लेलं रबर नक्षीला नवं दिसतं, पण कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे येतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा, टायरचा जन्म. पाच-सहा वर्षांनी तपासून घ्या, दहा झाली तर नक्षी कशीही असो बदला, असं जाणकार सांगतात. जाणकार सांगतच असतात. खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगा आला असेल, म्हणजे आतले धागे तुटले असतील, तर टायर उलटा करून फुगा आतल्या बाजूला घ्या. दिसत नाही ते नसतं.

एवढी तयारी झाली की समृद्धी महामार्गावर चढायला तुम्ही पात्र झालात. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटर अखंड झाले. भरवीरला वर यायचं, की पुढे सरळ, सपाट, काँक्रीटचं वैभव. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती किमान मर्यादा आहे असं समजून चाला. बाहेर बेचाळीस डिग्री, आत सात माणसं, टपावर बॅगा, टायरमध्ये पोऱ्यानं काढून दिलेली हवा, आणि वाटेत थांबायचं नाही, कारण "आपण साडेसहा तासांत नागपूर" हे आधीच ग्रुपवर टाकलंय. टायर फुटला तर दचकून ब्रेकवर उभे राहा. अनुभवी लोक स्टिअरिंग घट्ट धरून, ब्रेकला हात न लावता, गाडीचा वेग आपोआप उतरू देतात आणि मग कडेला घेतात. पण त्यात रील चांगली येत नाही.

कसारा घाट उतरताना मात्र काटकसर करावी. गाडी न्यूट्रलला टाका, इंधन वाचतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच करतात, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळतात, ही माहिती कुणाला सांगू नका. एसटीचे जुने ड्रायव्हर 'ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं' असं म्हणायचे, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. तुम्ही सगळा भार ब्रेकवर टाका. ब्रेक तापले की जळका वास येतो. तो पुढच्या ट्रकचा आहे असं समजून त्याला ओव्हरटेक करा.

ट्रकवरून ट्रॅक्टर आठवला. लासलगाव-पिंपळगावच्या बाजूला कांद्याच्या हंगामात रात्री निघालात तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भेटतो. पुढे गाणी, मागे काळोख. लाल दिव्याचा खर्च कशाला, म्हणून कुणी हौशी माणूस मागे जुन्या सीड्या बांधतो. त्या चमकेपर्यंत तुम्ही कांद्यात असता. बंद पडलेल्या गाडीची खूण म्हणून आपल्याकडे रस्त्यात दगड मांडायची आणि झाडाची फांदी खोचायची पद्धत आहे. गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तरी दगड तिथेच ठेवावेत, पुढच्या बंद पडणाऱ्याला उपयोगी पडतात. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण डिकीत प्लास्टिकच्या पिशवीतच राहू द्या, नाहीतर खराब होतो.

स्टेपनीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती असते. सीएनजीच्या टाकीखाली, लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांखाली, कुठेतरी. तिच्यात शेवटची हवा कंपनीनं भरली. नट गॅरेजवाल्यानं हवेच्या गननं आवळलेत, ते गाडीतल्या छोट्या पान्यानं हलत नाहीत, आणि जॅक उतारावर लावला तर गाडी हळूच पुढे निघते.

म्हणून मग टोचन, म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणं. इथे मात्र प्रतिभेला वाव आहे.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या नंबरवर मदत मिळते, विमा पॉलिसीतही बऱ्याचदा गाडी उचलून न्यायची सोय असते, तिचा हप्ताही तुम्ही भरलेला असतो. फोन करू नका. मावसभावाला बोलवा. त्याच्याकडे कांद्याच्या गोण्या बांधायचा नायलॉनचा दोर असतो, किंवा वहिनींची जुनी साडी. टूलकिटमध्ये एक लोखंडी हूक असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पिळून बसवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणून तो बसत नाही, आणि बसत नाही म्हणून तो तुमच्या गाडीचा नाही असा निष्कर्ष काढून फेकून द्या. दोर थेट बंपरला बांधा. पहिल्या हिसक्याला बंपर पुढे जातो, गाडी मागे राहते. मग एक्सलला बांधा.

नियम असा, की दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांबून ओळखू यावा, मागच्या गाडीवर 'ऑन टो' असं ठळक लिहिलेलं असावं, तिच्या स्टिअरिंगवर लायसन असलेला माणूस असावा, आणि वेग ताशी पंचविसाच्या आत. आपण मागच्या गाडीत बारावीतल्या पुतण्याला बसवायचं, नाहीतरी त्याला शिकायचंच आहे. इंजिन बंद आहे म्हणून तो शहाणपणानं चावी काढून खिशात ठेवतो, आणि पहिल्या वळणाला स्टिअरिंग लॉक होतं. चावी तशीच ठेवली तरी इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत बंद. पहिले दोन-तीन दाब नेहमीसारखे लागतात, त्यानंतर पेडल दगड होतं आणि दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. पण हे त्याला आधी सांगू नका, पोर घाबरतं.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर आणखी छान. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बहुतेक गाड्यांत बंदच असतो. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती चाकं जमिनीवर फिरवत दहा-वीस किलोमीटर ओढलंत, तर पाचशेच्या बॅटरीच्या तक्रारीतून लाखाच्या गिअरबॉक्सपर्यंत सहज प्रगती होते. क्रेनवाला ती चाकं उचलतो किंवा अख्खी गाडी वर चढवून नेतो, आणि त्याचे पैसे मागतो. लुटारू आहे.

मावसभावाला दोराच्या ताणाचा अंदाज नसतो. तो फर्स्टमध्ये झटका देऊन निघतो, दोर ढिला पडतो, पुन्हा ताणतो, पुन्हा ढिला. घोटीच्या अलीकडच्या चढावर केव्हातरी साडी फाटते. त्याच्या हे लक्षात येत नाही, कारण गाडी एकदम हलकी पळायला लागल्याचा त्याला आनंद झालेला असतो आणि गाणं मोठं लागलेलं असतं. घाबरू नका. पुतण्याला ब्रेकवर उभा करा आणि भावाला फोन लावा. तो गाडी चालवतानाच उचलतो.