रूथ थोर फलंदाज, पण पहिला आउटफिल्डर विली मेजच

बेसबॉलमधल्या सर्वकालीन आउटफिल्डरांची, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांची, एक यादी सारखी फिरत असते: पहिला बेब रूथ, दुसरा विली मेज, विषय संपला. पुरावा काय, तर रूथचे 714 होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके), फलंदाजीची 0.342 ची सरासरी, आणि वर हा प्रश्न, की तो एक गाजलेला झेल सोडला तर मेजकडे आहे काय? ही क्रमवारी मला साफ अमान्य आहे.

होमरनचं घ्या. 1920 मध्ये रूथने एकट्याने 54 मारले. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) त्याचा यांकीज संघ सोडला तर एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. फलंदाज म्हणून तो पहिला, मान्य. पण आउटफिल्डर निवडताना क्षेत्ररक्षण बाजूला कसं ठेवणार? यांकीज रूथला शक्यतो डोळ्यांवर ऊन येणाऱ्या बाजूला उभं करत नसत. ती बाजू दुसरा आउटफिल्डर बॉब म्यूझेलच्या वाट्याला यायची. मेज मात्र वर्षानुवर्षं सेंटर फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या मधोमध, सगळ्यात जास्त धावावं लागतं तिथे. आउटफिल्डर म्हणून त्याचे 7,095 पुटआउट (बहुतेक झेल घेऊन बाद केलेले फलंदाज) हा आजही विक्रम आहे. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार 1957 ला सुरू झाला आणि त्याने तो सलग 12 वर्षं घेतला. ‘एक झेल’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

आणि तो झेल तरी नीट बघावा. 29 सप्टेंबर 1954, पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना: मेजचा जायंट्स विरुद्ध क्लीव्हलँड. आठवी इनिंग, 2-2 बरोबरी, क्लीव्हलँडचे दोन धावपटू बेसवर. व्हिक वर्ट्झने चेंडू सेंटरला खोलवर मारला. मेज पाठमोरा धावत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने धावतानाच घेतला. सगळे इथेच थांबतात. खरी कमाल पुढची आहे: त्याच झोकात गर्रकन वळून त्याने चेंडू आत फेकला, टोपी उडाली, तोल गेला. फेकायला उशीर झाला असता तर दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी थेट घरी (होम बेसवर) पोचून धाव काढू शकला असता. तो तिसऱ्यावरच अडकला. क्लीव्हलँडला त्या इनिंगमध्ये धाव मिळाली नाही आणि जायंट्सने दहाव्या इनिंगमध्ये सामना जिंकला.

बेस चोरण्यात, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठण्यात, तर तुलनाच नको. रूथच्या 123 यशस्वी चोऱ्या, तर पकडला गेला 117 वेळा. 1926 ची वर्ल्ड सिरीज संपली तीच मुळी तो दुसरा बेस चोरताना बाद झाला म्हणून. मेजच्या चोऱ्या 330 हून अधिक.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा यादीवाले कधीच काढत नाहीत. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची) दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. रूथचे सगळे 714 त्या बंद दारामागचे. यात त्याचा दोष नाही, पण सॅचेल पेजसारखे कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारे) त्याला लीगमध्ये खेळावेच लागले नाहीत. मेजने 660 मारले ते दारं उघडल्यावर, बॉब गिब्सनसारख्या कृष्णवर्णीय पिचरच्या काळात, आणि तेही 1952 चा बहुतेक हंगाम व 1953 चा पूर्ण हंगाम लष्करात गेलेला असताना.

त्याच बंद दाराबाहेर, रूथच्याच काळात, ऑस्कर चार्ल्सटन कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये सेंटर फिल्ड गाजवत होता. 1976 मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. फिरणाऱ्या यादीत त्याचं नाव दहाव्या क्रमांकावरसुद्धा नसतं. माझ्या यादीत तो पहिल्या पाचांत आहे.