रेप्र लिहू नका, मालक!

पायथनमध्ये क्लास लिहायला घेतलाय? उत्तम. इनिट लिहा, चार ॲट्रिब्यूट चिकटवा, कमिट मारा आणि लॅपटॉप मिटा. ऑब्जेक्ट प्रिंट केल्यावर काय दिसावं ते ठरवणाऱ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावलेल्या त्या रेप्र आणि स्ट्र नावाच्या मेथड लिहायच्या भानगडीत पडू नका. ते रिकामटेकड्यांचे उद्योग.

तुम्ही नाही लिहिलं म्हणून पायथन काही गप्प बसत नाही. क्लासचं नाव चलान असेल तर 'चलान ऑब्जेक्ट ॲट' म्हणतो आणि पुढे शून्य-एक्सवाला लांबलचक आकडा देतो. हा आकडा म्हणजे सीपायथनमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या पायथनमध्ये, त्या ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता. चांगला पत्ता दिलाय, अजून काय पाहिजे? आता प्रोग्राम बंद करून चालू केला की तो बहुधा बदलतो, आणि एक ऑब्जेक्ट गेला की त्याच जागी दुसरा राहायला येऊ शकतो. असू द्या.

लिहायचंच असेल तर नुसता स्ट्र लिहा. एकटं चलान प्रिंट केलं की झकास दिसेल, आणि तीच चलानं लिस्टमध्ये टाकून प्रिंट केली की पुन्हा शून्य-एक्स, कारण लिस्ट आतल्या प्रत्येकाचा रेप्र मागते. उलट नुसता रेप्र असेल तर स्ट्रचं कामही तोच भागवतो. हे कुणाला सांगू नका.

रेप्रमध्ये प्रिंट करा, रिटर्न विसरा. टाइपएरर मिळेल.

पासवर्ड रेप्रमध्ये आठवणीने घाला.

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधल्या मॉडेलला तर स्ट्र अजिबात नको. ॲडमिनच्या ड्रॉपडाउनमध्ये 'पार्टी ऑब्जेक्ट (१)', 'पार्टी ऑब्जेक्ट (२)' असं ओळीनं येतं. बिलिंगच्या काकू करतील पाठ.

लॉग, म्हणजे प्रोग्रामची डायरी, मात्र सढळ हाताने लिहा. जिथे फाटेल तिथे 'एरर इन' आणि पुढे अख्खा ऑब्जेक्ट. मग रात्री सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन येतो, 'मालक, टॉवेलची गाडी भरून उभी हाय, ई-वे बिल निघंना, कुठलं चलान अडकलंय तेवढं बघा की.' बघतो ना! लॉग उघडला की चलान ऑब्जेक्ट, चलान ऑब्जेक्ट, चलान ऑब्जेक्ट. नंबर नाही, पार्टी नाही, किती डझन ते नाही. गड्ड्याच्या जत्रेत पोरगं हरवल्यावर माइकवरून 'एक मुलगा ऑब्जेक्ट सापडला आहे' म्हणावं, तसलं हे. ड्रायव्हर शिव्या घालतोय, हमाल बसून आहेत, दर दहा मिनिटांनी शेठचा फोन. आणि ज्यानं हा क्लास लिहिला तो आता पुण्याला. त्याला फोन लावला तर म्हणतो, 'डीबगर लावून बघ ना.' प्रॉडक्शनवर! चालू सिस्टिमवर! रात्री! डीबगर!

शेवटी काय निघालं? पार्टीच्या जीएसटी नंबराच्या शेवटी एक स्पेस. नंबर १५ अक्षरांचा असतो, हा १६ चा. नुसता प्रिंट करून ती स्पेस जन्मात दिसली नसती. रेप्र असता तर अवतरणचिन्हं आली असती आणि एका नजरेत कळलं असतं. एफ-स्ट्रिंगमध्ये व्हेरिएबलनंतर उद्गारचिन्ह आणि आर लावायचा, एवढंच काम होतं.

एवढंही जमत नसेल तर डेटाक्लास वापर की रे, पुणेकरा! २०१८ साली पायथन ३.७ मध्ये आलाय. क्लासच्या डोक्यावर एक डेकोरेटर लावला की रेप्र आपोआप मिळतो, आणि टोकन लपवायचं तर त्या फील्डला रेप्र फॉल्स करता येतं. तुला फुकट मिळत होतं तेही घेतलं नाहीस. पाचशे ओळींचा क्लास लिहिलास, त्यात 'बेस्ट प्रॅक्टिस' अशी कॉमेंटही टाकलीस, आणि ऑब्जेक्टला स्वतःचा चलान नंबर सांगता येत नाही? लाज वाटायला पाहिजे.

त्या चलानाचा रेप्र मी लिहिलाय. पार्टी, गाडी, बिल आणि बाकीचे सगळे क्लास तुझे आहेत. पुण्यात बसून लिही आणि पुल रिक्वेस्ट पाठव.