मेगर ओके म्हणजे वाइंडिंग ओके? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

पॉवर ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्यांमधे एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, शब्द थोडेफार बदलतात पण गाभा तोच. "मेगर चांगला आला, तेलात गॅस नाही, डिफरेन्शियल उडाला नाही, म्हणजे वाइंडिंग शंभर टक्के ठीक. एसएफआरएचे कर्व दर वेळी वेगळे येतात, ती टेस्ट नुसता खर्च आहे. आणि वाइंडिंग फॉल्टचं मॉडेलिंग पीएचडी करणाऱ्यांनी करावं, साइटवर त्याचा उपयोग नाही." (वाइंडिंग म्हणजे कोअरवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल, तिचा एक वेढा म्हणजे टर्न. मेगर म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारी टेस्ट, डिफरेन्शियल म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट ताडून बघणारा रिले, आणि एसएफआरए म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वाइंडिंग कसा प्रतिसाद देतं त्याचा कर्व काढणारी टेस्ट.) वाचायला सोपं आहे म्हणून लोक पुढे पाठवतात, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाहीये. आणि यावर विसंबून कोणी ट्रिप झालेला ट्रान्सफॉर्मर परत चार्ज केला तर आत शॉर्ट झालेल्या टर्नवर परत पूर्ण व्होल्टेज येतं, टँक फाटून तेल पेटू शकतं, आणि तेव्हा यार्डात माणसं असतात. म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला मेगरचा. मेगर घेताना आपण नक्की काय करतो ते आठवा. एचव्हीची (जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगची) सगळी टर्मिनल्स एकत्र बांधतो, एलव्हीची (कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगची) एकत्र बांधतो, आणि मग एचव्ही टू अर्थ, एलव्ही टू अर्थ, एचव्ही टू एलव्ही असं डीसी व्होल्टेज देतो. आता टर्मिनल्स एकत्र बांधल्यावर त्या वाइंडिंगचा पहिला टर्न आणि शेवटचा टर्न एकाच व्होल्टेजला आले, शेजारशेजारच्या दोन टर्नमधे शून्य व्होल्ट. म्हणजे त्या दोघांमधला कागद जळून तांब्याला तांबं चिकटलेलं असलं तरी मेगरला ते दिसणारच नाही, कारण तो प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नाही. ओलावा आहे का, बुशिंगवर (टँकमधून जोडणी बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरवर) घाण आहे का, वाइंडिंग अर्थला गेलंय का, हे मेगर छान सांगतो (तेही तेलाचं तापमान लिहून ठेवलं असेल तर, कारण दर १० अंशाला आकडा साधारण निम्मा होतो). टर्न टू टर्न शॉर्टबद्दल तो काहीही सांगत नाही.

यावर लगेच कोणीतरी म्हणतं, मग डीसी रेझिस्टन्स घ्या, एक टर्न कमी झाला की रेझिस्टन्स कमी येणारच. येतो, पण किती? १००० टर्नचं वाइंडिंग धरा, एक टर्न शॉर्ट झाला तर फरक ०.१ टक्का. तांब्याचा रेझिस्टन्स तापमान १ अंशाने बदललं तरी जवळपास ०.४ टक्के बदलतो. म्हणजे वाइंडिंगचं तापमान मोजण्यात १ अंशाची चूक झाली तरी आपण शोधतोय त्याच्या चौपट गोंधळ आधीच झालेला असतो. ही टेस्ट ढिलं जॉइंट, टॅप चेंजरचे (टर्नची संख्या बदलणाऱ्या स्विचचे) खराब कॉन्टॅक्ट, तुटलेले स्ट्रॅन्ड यासाठी आहे. शॉर्ट टर्न पकडायचा असेल तर एकेका फेजला एसी व्होल्टेज देऊन एक्सायटेशन करंट मोजा. शॉर्ट टर्न म्हणजे कोअरवर बसलेली शॉर्ट केलेली सेकंडरीच, तिला पोसायला करंट लागतो आणि तो टर्मिनलवर दिसतो. तीन लिंबच्या (तीन खांबांच्या) कोअरवर बाजूच्या दोन फेजचा करंट जवळपास सारखा आणि मधल्याचा कमी येतो, हा पॅटर्न मोडला की थांबायचं.

आता डिफरेन्शियल रिले. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त खोटा विश्वास याच मुद्द्यावर आहे. लोकांचा हिशोब असा असतो की आत शॉर्ट झालंय म्हणजे प्रचंड करंट, आणि प्रचंड करंट म्हणजे रिले उडणार. पहिला भाग बरोबर आहे. शॉर्ट झालेल्या त्या टर्नमधे खरंच प्रचंड करंट फिरतो, पण रिलेला तो टर्न दिसत नाही, त्याला दिसतो बुशिंगमधून जाणारा लाइन करंट. वर घेतलेलंच उदाहरण पुढे नेऊ. समजा त्या एका टर्नमधे रेटेडच्या ६० पट करंट फिरतोय. अँपिअर टर्न दोन्हीकडे जुळायला हवेत, मग उरलेल्या १००० टर्नच्या वाइंडिंगमधे जास्तीचा करंट किती लागेल, तर ६० भागिले १०००, म्हणजे ०.०६. रेटेडच्या फक्त ६ टक्के! डिफरेन्शियलचा पिकअप (ज्या फरकाला रिले उडतो तो आकडा) सहसा २० ते ३० टक्क्यांवर ठेवलेला असतो, आणि तो उगाच तेवढा ठेवत नाहीत, टॅप चेंजर हलला की रेशो बदलतो, दोन्ही बाजूंचे सीटी (रिलेला करंट मोजून देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) अगदी सारखे नसतात, मॅग्नेटायझिंग करंट असतोच, हे सगळं पोटात घेऊन शिवाय लोडप्रमाणे पिकअप वर नेणारा स्लोप असतो. त्यात हे ६ टक्के कुठे हरवतात ते कळतही नाही. आणि त्याच वेळी त्या टर्नमधे काय चाललंय बघा, करंट ६० पट म्हणजे उष्णता ३६०० पट. तांबं वितळतं, शेजारच्या टर्नचा कागद जळतो, दोनाचे पाच, पाचाचे पन्नास टर्न होतात, आणि मग कधीतरी रिले उडतो. तेव्हा आपण म्हणतो रिलेने काम केलं. केलं खरं, पण वाइंडिंग गेल्यावर.

मॅक्स बुखोल्झने १९२१ मधे काढलेला रिले अजूनही कॉन्झर्व्हेटरच्या (टँकच्या वर बसवलेल्या तेलाच्या टाकीच्या) पाइपमधे बसवतात ते याचसाठी. तो करंट बघतच नाही, तो गॅस आणि तेलाचा लोंढा बघतो, म्हणून लहान टर्न फॉल्टमधे बरेचदा तोच आधी बोलतो. बुखोल्झचा अलार्म आला तर "हवा अडकली असेल" म्हणून गॅस सोडून देऊ नका, आधी त्याचा सॅम्पल घ्या, माझी हात जोडून विनंती आहे. नव्या न्यूमेरिकल रिलेमधे निगेटिव्ह सिक्वेन्स डिफरेन्शियल पण मिळतं, टर्न फॉल्ट एका फेजमधे असल्याने असमतोल तयार होतो आणि तो साध्या डिफरेन्शियलपेक्षा बराच लवकर पकडता येतो. पण ते फंक्शन चालू केलेलं असायला हवं, सेटिंग केलेलं असायला हवं.

अजून एक गोष्ट या रिलेच्या दाव्यात पूर्ण विसरली जाते ती म्हणजे थ्रू फॉल्ट. बाहेर फीडरवर फॉल्ट झाला, करंट ट्रान्सफॉर्मरमधून आरपार गेला, आत जितका गेला तितका बाहेर आला, डिफरेन्शियल गप्प बसला आणि गप्पच बसायला हवा, तसाच तो डिझाइन केलाय. पण वाइंडिंगवर बल करंटच्या वर्गाप्रमाणे येतं. १० टक्के इम्पिडन्सच्या (करंटला होणाऱ्या आतल्या अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरला मागे स्ट्राँग सोर्स असेल तर टर्मिनलजवळच्या फॉल्टला साधारण १० पट करंट, म्हणजे बल १०० पट. पहिल्या पीकला डीसी ऑफसेट धरून १.८ पट अजून, म्हणजे १८ पट आणि बल ३२४ पट. आतलं वाइंडिंग कोअरकडे दाबलं जातं, बाहेरचं बाहेर ताणलं जातं, वर-खाली ढकललं जातं ते वेगळंच. क्लॅम्पिंग ढिलं झालेलं असेल तर डिस्क (वाइंडिंगचे चकतीसारखे थर) तिरक्या होतात, कॉइल सरकते, आतलं वाइंडिंग दोन स्पेसरच्या मधे आत दबतं. कागद अजून शाबूत असतो, ट्रान्सफॉर्मर चालू राहतो, आणि पुढच्या थ्रू फॉल्टला जातो.

तेलाच्या दाव्याचं उत्तर या दबलेल्या वाइंडिंगमधेच आहे. वाकलेलं तांबं गॅस सोडत नाही. गॅस येतो तो तेल किंवा कागद तापल्यावर किंवा आर्क झाल्यावर, ॲसिटिलीन आर्कला, इथिलीन खूप तापलेल्या तेलाला, हायड्रोजन पार्शल डिस्चार्जला (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्यांना), कार्बन मोनॉक्साइड कागदाला. हायड्रो-क्युबेकच्या मिशेल डुव्हालने १९७४ मधे मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन या तीनच गॅसवर जो त्रिकोण मांडला तो आजही रोज वापरतात इतकी ही पद्धत भक्कम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार "गॅस नाही म्हणजे काहीच नाही" या उडीबद्दल आहे. आणि उलटी उडीही चुकीचीच, मेन टँकमधे ॲसिटिलीन दिसलं म्हणजे वाइंडिंग गेलंच असं नाही, टॅप चेंजरच्या कप्प्यातलं तेल झिरपून आत आलं तरी ते दिसतं.

आता एसएफआरए. ही काल आलेली फॅशन नाहीये. पोलंडमधे लेख आणि टिमिन्स्की यांनी १९६६ मधे कमी व्होल्टेजचा इम्पल्स देऊन वाइंडिंगची हालचाल पकडायची पद्धत मांडली, कॅनडात डिक आणि अर्व्हन यांनी १९७८ मधे तेच फ्रिक्वेन्सीच्या अंगाने केलं, आणि २०१२ मधे आयईसी ६००७६-१८ हे स्टँडर्डच आलं. वाइंडिंग म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सची साखळी, टर्न टर्नमधला कपॅसिटन्स, डिस्क डिस्कमधला, टँककडचा, शेजारच्या वाइंडिंगकडचा. अंतर बदललं की कपॅसिटन्स बदलतो, तो बदलला की रेझोनन्स (कर्ववरची टोकं आणि खड्डे) सरकतो. २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत स्वीप मारून ते सरकणं बघायचं, बस.

"दर वेळी वेगळा कर्व येतो" याला कारणं असतात आणि ती ओळखता येतात. डीसी रेझिस्टन्स आधी घेतला आणि कोअर डीमॅग्नेटाइझ केला नाही (त्यात उरलेलं चुंबकत्व काढलं नाही) तर साधारण २ किलोहर्ट्झच्या खालचा भाग हलतो. तेल काढलेलं असेल तर कपॅसिटन्स कमी होऊन रेझोनन्स वरच्या फ्रिक्वेन्सीकडे जातात. टॅप वेगळा असेल तर टर्नच वेगळे, कर्व वेगळा येणारच. १ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि वर फरक दिसला तर आधी टेस्ट लीडची अर्थिंग वेणी (लीडचं शील्ड टँकला जोडणारी विणलेली तार) बघा, ती लांब सोडलेली असते. आणि मधल्या फेजचा खालचा भाग बाजूच्या दोन फेजसारखा दिसत नाही, तो दिसायचाच नसतो, फ्लक्सचा रस्ता वेगळा आहे. खरा शॉर्ट टर्न असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीला इंडक्टन्स इतका पडतो की पहिला रेझोनन्स सरळ उजवीकडे पळतो, तिथे वाद घालायला जागा राहत नाही. वाइंडिंग दबणं-सरकणं मात्र २० किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात आणि बारीक असतं, तिथे अनुभव लागतो हे मान्य. म्हणून शंका आली की लीकेज रिॲक्टन्स (दोन वाइंडिंगच्या मधून निसटणाऱ्या फ्लक्समुळे करंटला येणारा अडथळा) पण मोजा, नेमप्लेटपासून ३ टक्क्यांच्या पुढे गेला तर तो आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. दोन वेगळ्या टेस्टनी एकच गोष्ट सांगितली तर टँक उघडायचा निर्णय घेता येतो, एकट्या कर्ववरून मी तरी घेणार नाही.

राहिलं मॉडेलिंग. वर मी ६० भागिले १००० हा हिशोब केला ना, ते मॉडेलिंगच आहे, सगळ्यात साधं. पुढची पायरी बास्टार्ड, बर्ट्रांड आणि म्युनिए यांनी १९९४ मधे मांडली. दोन वाइंडिंगच्या थ्री फेज ट्रान्सफॉर्मरचं, वाइंडिंगचा एकमेकांवरचा परिणाम दाखवणारं ६ बाय ६ मॅट्रिक्स असतं, त्यात फॉल्टी वाइंडिंग तोडायचं, अर्थ फॉल्टसाठी दोन तुकडे म्हणजे ७ बाय ७, टर्न टू टर्नसाठी तीन तुकडे म्हणजे ८ बाय ८, आणि त्या तुकड्यांमधला लीकेज नीट काढायचा. मग ईएमटीपीमधे (पॉवर सिस्टिमच्या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममधे) किती टक्के टर्न शॉर्ट झाले तर लाइन करंट किती वाढतो ते बघता येतं. रिलेचं सेटिंग ५ टक्के टर्नला उडेल की १० टक्क्यांना, हे शोधायला कोणी चांगला ट्रान्सफॉर्मर जाळणार नाही, ते मॉडेलवरच कळतं, आणि त्या सेटिंगवर साइट चालते. एसएफआरएसाठीचं लॅडर मॉडेल (वर सांगितलेली इंडक्टन्स-कपॅसिटन्सची साखळी) अवघड आहे हे खरं, वाइंडिंगची आतली मापं बनवणारा सहसा देत नाही आणि कोअरचे लॉस फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतात. पण डिस्क २ मिलिमीटर सरकली तर कर्वच्या कोणत्या पट्ट्यात फरक पडेल हे ते सांगतं, आणि कुठे बघायचं ते कळलं की निम्मं काम झालं. आता त्या मेसेजच्या नव्या आवृत्तीत "एआय आहे की" असं जोडलेलं दिसतं. त्या एआयला शिकवायला खरे फॉल्ट फार थोडे मिळतात, म्हणून बहुतेक शिकवणी अशाच मॉडेलमधून काढलेल्या कर्ववर होते, मॉडेल कच्चं असेल तर तेही कच्चंच शिकतं.

ज्यांच्याकडे नवीन ट्रान्सफॉर्मर येतोय त्यांनी एवढं आत्ताच करा. फॅक्टरीतल्या एसएफआरएचा डेटा फाइल म्हणून मागा, छापलेला ग्राफ नको, सोबत टॅप पोझिशन, तेल होतं की नव्हतं, कनेक्शन कसं केलं होतं आणि वेणीचे फोटो मागा, आणि साइटवर तेल भरल्यावर चार्ज करायच्या आधी, डीसी रेझिस्टन्सच्या आधी, तीच टेस्ट स्वतःची एकदा घेऊन ठेवा.