खंडेनवमीच्या अक्षता आणि आजोबांचे रिव्हॉल्व्हर

वारसाहक्काने कोणाला कोकणात आंब्याची कलमे मिळतात, कोणाला निदान पुण्याच्या पेठेत भांडणासकट एखादी खोली मिळते. मला आजोबांचे रिव्हॉल्व्हर मिळाले. लाकडाच्या वखारीतील मजुरांचे पगार रोखीने न्यावे लागत त्या काळी त्यांनी ते रीतसर परवाना काढून घेतले होते, आणि घरातील जाणत्यांच्या साक्षीनुसार त्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. दरोडेखोरांनी आमच्या घराण्याची कायम उपेक्षाच केली.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे आजोबांचा परवाना मला चालण्यासारखा नव्हता, त्यामुळे माझा स्वतःचा परवाना होईपर्यंत ते एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा राहिले. इतर वारसांची ना-हरकत लागते. डोंबिवलीच्या आत्याने शेतजमिनीवरचा हक्क एका चहात सोडला होता. येथे मात्र तिने डोळ्यांना पदर लावला आणि "मला काय करायचंय ते घेऊन, पण नानांची आठवण आहे रे" असे म्हणत सही दिवाळीपर्यंत लांबवली. पुढे चौकशीसाठी आलेल्या हवालदारांनी माझ्या स्वभावाविषयी सोसायटीत विचारले, तेव्हा सेक्रेटरींनी "हे गृहस्थ पार्किंगच्या भांडणातसुद्धा आवाज चढवत नाहीत" अशी साक्ष दिली, जी परवान्याला पोषक आणि प्रतिष्ठेला घातक होती.

अखेर ते घरी आले. ज्या शहराला एकीकडून खाडीने आणि दुसरीकडून येऊरच्या डोंगराने धरले आहे आणि ज्यावर वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे पोलाद हा पदार्थ तात्पुरताच मानावा. त्यात ते इतकी वर्षे चामड्याच्या पाकिटात होते. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते आणि कमावताना त्यात मुरलेली आम्ले व क्षार तो ओलावा धातूपर्यंत इमानाने पोहोचवतात, त्यामुळे शस्त्र दीर्घकाळ ठेवण्यासाठी त्या पाकिटाइतकी वाईट जागा दुसरी नसेल. नळीवर तांबूस पुरळ उठले होते. वेब्ली अँड स्कॉटच्या या रिव्हॉल्व्हरची डावीकडची कळ दाबली की नळी पुढे झुकते, सहा घरांचे चक्र उघडे पडते आणि आत काही असल्यास ते आपोआप वर उचलले जाते, असे मी वाचले होते. मी कळ दाबली. कोणीही झुकले नाही.

मग सल्ले सुरू झाले. "चिंच लाव, समई कशी लखलखते बघ," असे आई म्हणाली, आणि चिंच नको असेल तर पितांबरी आहेच, ती तर आपल्या ठाण्याचीच, असेही तिने सुचवले. मेहुण्याने क्रोम चढवून देणारा माणूस शोधूनही ठेवला. दोघांनाही समजावणे कठीण होते की पोलादावरचा तो निळसर काळा रंग हाही एक प्रकारचा गंजच असतो. तो मुद्दाम, शिस्तीत चढवलेला असतो, तेल धरून ठेवतो आणि चिंचेच्या आंबटपणाने सहज निघून जातो. पॉलिशच्या चाकावर धरले तर कडा गोल होतात आणि कारखान्याचे ठसे पुसले जातात, मग उरते ते वाघळे काकांच्या लग्नातल्या चांदीच्या भांड्यासारखे काहीतरी.

परवानाधारक कारागिराने मला "साहेब, तुम्ही फक्त बसा" असे सांगून प्रश्न सोडवला. जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात आणि अचूक बसणारा पेचकस नसेल तर त्या कायमच्या बिघडतात, म्हणून त्याने आधी पातळ तेल सोडून रात्रभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याने चक्र आणि सांगाडा यांच्या फटीत टाचणी घातली आणि एकेक ऐवज कागदावर मांडला: कुंकवाची घट्ट लालसर वडी, हळदीने पिवळी पडलेली अक्षत, झेंडूची वाळून काळी झालेली पाकळी आणि आणखी एक अक्षत.

"पूजा बरीच झालेली दिसते," तो म्हणाला.

आजी दर खंडेनवमीला विळी, कोयता आणि शिवणयंत्र यांच्या रांगेत याचीही पूजा करीत असे, आणि फुलपात्रातले पाणी शिंपडताना तिने कधी हात आखडता घेतला नव्हता. शत्रूचा कधी हात न लागलेले शस्त्र भक्तीने जाम झाले होते.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. नळीतून पितळी तारेचा ब्रश फिरला, गंजाचे पुरळ तेल आणि बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने निघाले, थोडे खड्डे राहिले ते राहू दिले. आता देखभालीचे काम माझ्याकडे आहे. हॉलचे पडदे ओढून, जुने वर्तमानपत्र पसरून मी तेलाचे फडके फिरवायला बसतो, तेव्हा बायको "अहो, सोफ्याला तेल लागलं तर मला काडतुसं लागणार नाहीत" असे बजावते.

कळ आता बोटाच्या टोकाने दबते, नळी अदबीने झुकते. हे सुख मी मनसोक्त उपभोगण्याआधीच निवडणूक जाहीर झाली, आणि आचारसंहितेच्या काळात शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला. पोलीस ठाण्यातल्या लिपिकाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, तेलाचा ताजा वास घेतला, माझ्याकडे जरा आदराने पाहिले आणि पावतीवर स्थितीच्या रकान्यात "नियमित वापरातील" असे लिहिले. मी दुरुस्ती सुचवली नाही. त्या पावतीची एक प्रत सेक्रेटरींना सहज दिसेल अशा ठिकाणी विसरण्याचा माझा विचार आहे.