पाचला म्हणजे पाचला!
डिसेंबरात पारा १८ वर आला की आमच्या सायकल ग्रुपला उत्साहाचं भरतं येतं. "रविवारी पहाटे ५, शिवाजी पार्क ते गेटवे!" खाली २३ अंगठे. पाचला मी एकटाच, सोबत पार्कातली कुत्री. साडेपाचला फोन: "अरे, थंडी काय आहे! निघतोच." अठराला थंडी? नाशिककर हसतील. सहाला ७ जण उगवतात, एकाच्या चाकात हवा नाही, पंप अर्थातच माझा. वांद्र्याच्या भिडूला सी-लिंकवर सायकलला बंदी आहे हे दरवर्षी नव्याने सांगायचं. मरीन ड्राइव्हला पोचेस्तोवर ऊन आणि बस दोन्ही अंगावर. मग इराण्याकडे. ब्रून मस्क्याला मात्र १५ जण! वरचे ८ टॅक्सीने आले, हेल्मेट घालून.