थंड बल्बचा रोध मोजून वॅट निघत नाहीत

एक संदेश बराच फिरतो आहे. "कोणत्याही उपकरणाचा रोध मल्टिमीटरने मोजा, 230 च्या वर्गाला त्याने भागा, आले ते खरे वॅट. छापलेला आकडा खोटा असतो. रोध जास्त तितकी वीज जास्त जळते. व्होल्टेज अर्धे केले तर करंट दुप्पट होतो, वॅट तेवढेच राहतात." सूत्र पुस्तकातले आहे, म्हणून तो चटकन पटतो. पण सूत्राबरोबरची अट त्यातून गळली आहे.

आधी पहिला दावा. 100 वॅटचा तारेचा बल्ब घ्या. थंड असताना मीटर 40 ओहमच्या आसपास दाखवेल. 230 चा वर्ग 52,900, भागिले 40, म्हणजे 1,300 हून जास्त वॅट! बल्ब पेटल्यावर मात्र टंगस्टनची तार सुमारे 2,500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, रोध 529 ओहमवर जातो आणि हिशेब बरोबर 100 वर येतो. शाळेत ओहमचा नियम पाठ करताना 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' असे आपण म्हणायचो. ते शब्द याचसाठी आहेत. (1,300 चा आकडा अगदीच निराधार नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब खरोखर तेवढी शक्ती खेचतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच उडतात, ते त्यामुळेच.)

हीटरला मात्र ही युक्ती बऱ्यापैकी लागू पडते, कारण त्याची तार ज्या मिश्रधातूची असते त्या नायक्रोमचा रोध तापल्यावर फारच थोडा वाढतो.

मग चालू उपकरणाचाच रोध मोजावा का? मुळीच नाही. ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःच्या बॅटरीचा छोटासा करंट सोडून रोध मोजतो. तो चालू लाइनला लावला तर मीटर जळू शकतो आणि हातालाही इजा होऊ शकते. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) एकाच तारेभोवतून करंट घ्या, त्या वेळचे व्होल्टेज घ्या. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे त्या अवस्थेतला रोध, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट.

पंपासारख्या मोटारीत हेही पुरत नाही. वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) 5 ओहम दाखवत असेल, तर संदेशाच्या हिशेबाने पंप 46 अँपिअर घेईल. प्रत्यक्षात फिरत्या मोटारीत उलट दिशेचे व्होल्टेज तयार होते आणि करंट त्याहून कितीतरी कमी राहतो. त्यातही 230 गुणिले 4 अँपिअर म्हणजे 920 वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर (या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट असतो ते प्रमाण) 0.8 असेल तर 736.

"रोध जास्त तितकी वीज जास्त" हे करंट ठरलेला असेल तेव्हाच खरे. घरात ठरलेले असते ते व्होल्टेज. 1,000 वॅटच्या हीटरचा रोध 52.9 ओहम, तर 2,000 वॅटच्या हीटरचा त्याच्या निम्मा.

व्होल्टेज अर्धे केल्यावर त्याच 1,000 वॅटच्या हीटरचा करंट दुप्पट होत नाही, तोही निम्मा होतो आणि वॅट 250 वर येतात. करंट वाढवून वॅट सांभाळण्याचे काम लॅपटॉपच्या चार्जरसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे करतात, साधी तार नाही.

राहिला 'खोटा' छापील आकडा. तो ठरावीक व्होल्टेजसाठी असतो. लाइनवर 210 व्होल्टच असतील तर हा हीटर 834 वॅटच देईल. त्यात बनवणाऱ्याने कोणाला फसवलेले नाही.