न सांगता कळतं म्हणे!

‘लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली की जोडीदाराच्या मनातलं न सांगता कळतं,’ हे नवरा-बायकोच्या नात्यावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बऱ्याचदा कळतं ते आपल्याच मनातलं, फक्त आपण ते त्याच्या नावावर खपवतो.

आमच्याकडचंच बघा. मला ताप आला की कुणीतरी उशाशी बसावं, कपाळावर हात ठेवावा असं वाटतं. नवऱ्याला ताप आला की खोलीत कुणी फिरकलेलंसुद्धा नको, दार लोटून पडू द्या! मग मी आजारी असले की तो बिचारा प्रेमानेच दार लोटून घेतो आणि मी आत चरफडते. यात बेपर्वाई कुणाचीच नाही. (सासूबाईंचं मत वेगळं आहे, ते असो.)

२०११ मध्ये सॅवित्स्की, कायझर, एप्ली वगैरे संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नवरा-बायकोला पाठमोरं बसवून, एकाने दोन अर्थ निघतील असं साधं वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने त्यातला नेमका अर्थ ओळखायचा. अनोळखी माणसांपेक्षा जोडीदाराला ते काही फार जास्त ओळखता आलं नाही, पण आपलं म्हणणं त्याला कळलंच असणार ही खात्री मात्र दांडगी!

आणि त्याच लेखात सुचवलेली ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ ही युक्ती इथे उपयोगाची नाही. तिच्या जागी गेलात तरी विचार तुमचाच करणार ना? त्यापेक्षा सरळ विचारा, ‘बसू का जवळ, की जाऊ?’